सिगारेट सोडताना: निकोटीन गम घ्यावा की काहीच न घेता सोडावी?

औषधाच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. खरं तर त्यात दोन प्रश्न एकत्र झालेले असतात. सिगारेट एकदम बंद करायची की रोज एकेक कमी करायची, हा पहिला. बंद केल्यावर शरीराला थोडं निकोटीन बाहेरून देत राहायचं की नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेकांसाठी 'एकदम' असंच आहे, कारण संख्या कमी केली की उरलेली प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढली जाते. दुसऱ्याचं उत्तर माणसागणिक बदलतं. म्हणजे तारीख ठरवून एकदम सोडणाऱ्यानं गम चघळला तर त्यात काही कमीपणा नाही.

सवय किती मुरली आहे ते एका गोष्टीवरून कळतं: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते? दिवसाला दोन-तीन आणि पहिली थेट दुपारी जेवणानंतर, असं असेल तर काही न घेता सोडून बघायला हरकत नाही. पहिली अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर आधार घ्या. बिडी लहान दिसते म्हणून अर्धी मोजू नका. निकोटीनच्या हिशेबात ती सिगारेटला मागे टाकू शकते.

काहीच न घेता सोडलं तर त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठता, सारखी भूक. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. या मार्गानं वर्षभर टिकणारे शंभरात पाचाच्या आसपास असतात. निकोटीनचा आधार घेतला तर ही शक्यता साधारण दीडपट होते. जादू नव्हे, पण फुकट घालवावी अशीही गोष्ट नाही.

'गम घेतला, उपयोग झाला नाही' असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण तो साध्या चिंगमसारखा चावत असतात. सगळी गडबड तिथेच होते. गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. लाळेबरोबर गिळलं तर बरंचसं यकृतातच संपतं आणि वर उचकी, जळजळ, मळमळ. म्हणून सावकाश चावा. तिखट, झिणझिण्या आणणारी चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. चव गेली, साधारण मिनिटभरात, की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असा एक गम अर्धा तास चालतो. त्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. आंबट पेयांनी निकोटीन नीट शोषलं जात नाही.

सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, गमचं पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे तलफ आल्यावर नव्हे, घड्याळ लावून घ्या: पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक (दिवसाला किमान ९), पुढचे ३ आठवडे २-४ तासांनी, शेवटचे ३ आठवडे ४-८ तासांनी. २४ तासांत २४ पेक्षा जास्त नाहीत. सुटे दोन-चार गम नेऊन हे जमत नाही. आठवड्याला साठाच्या वर लागतात. २ मिग्रॅचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि उठल्या उठल्या ओढणाऱ्यांना बहुधा ४ मिग्रॅच लागतो. कवळी किंवा जबड्याचं दुखणं असेल तर निकोटीनची चोखायची गोळी (लॉझेंज) बघा. ती न चावता विरघळू द्यायची.

निकोटीनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, डॉक्टरांना विचारून लावा. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेट असतील तर साधारणपणे २१ मिग्रॅ ६ आठवडे, मग १४ आणि ७ मिग्रॅ दोन-दोन आठवडे. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर, रोज जागा बदलून. उन्हाळ्यात घामानं सुटतो, म्हणून अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच चिकटवा. पावडर, तेल नको. विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढा. जास्त ओढणाऱ्यांना पॅच आणि वरून गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली लागू पडते.

आता एक अशी गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तोच चहा जास्त चढतो: छाती धडधडते, झोप उडते, आणि दोष सिगारेट सोडण्यावर जातो. पहिल्या आठवड्यापासून चहा-कॉफी निम्मी करा. याच कारणानं दम्यावरचं थिओफायलिन (डेरिफायलिनमध्ये असतं ते) आणि मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन यांचा डोस बदलावा लागू शकतो. ही औषधं चालू असतील तर सोडायच्या तारखेआधीच डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, ठोके अनियमित असलेले, गर्भवती आणि १८ वर्षांखालील यांनी स्वतःच्या मनानं निकोटीन सुरू करू नये. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका. त्यात उरलेलं निकोटीन लहान मुलाला बाधू शकतं. ई-सिगारेटबद्दल विचारू नये, २०१९ पासून तिच्या विक्रीवर देशभर बंदी आहे.

फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय टोबॅको क्विटलाइन: १८००-११-२३५६, मोफत. दुकानात येताना चालू औषधांची यादी आणि रोजच्या सिगारेटचा खरा आकडा घेऊन या.