प्रशियाचा निळा कोट आणि त्यामागचा हिशोब

प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीतलं जुनं राज्य, त्याचं सैन्य म्हटलं की फ्रेडरिक द ग्रेटचं नाव निघतं, पण घडी बसवली ती त्याच्या बापाने, फ्रेडरिक विल्यम पहिला याने. 1713 ला गादीवर आला, महाकंजूष माणूस, दरबाराचा थाटमाट बंद करून पैसा फौजेत ओतला, 1740 ला वारला तेव्हा सैन्य साधारण 40 हजारांवरून 80 हजारांवर गेलेलं आणि तिजोरी वर भरलेली.

एवढ्यांना कापड कुठून आणणार? बर्लिनमध्ये लागरहाऊस हा लोकरी कापडाचा कारखाना निघाला, कच्ची लोकर बाहेर विकायला बंदी, देशातली लोकर देशातच विणायची आणि शिपायाच्या अंगावर घालायची. पुढे तर रशियाच्या सैन्यालाही इथलं कापड जायचं! पायदळाचा कोट सगळ्यांचा गडद निळा, रेजिमेंट ओळखायची ती कफ, छातीवरच्या पट्ट्या नि बटणांवरून. आणि कोट आखूड नि तंग, कारण कापड वाचतं. डोक्यावर साध्या मस्केटियरला, म्हणजे बंदूकवाल्या शिपायाला, तिकोनी हॅट, ग्रेनेडियरला (पायदळातला निवडक शिपाई) समोर धातूचा पत्रा असलेली उंच टोपी. एवढा काटकसरी राजा, पण पोट्सडामच्या रेजिमेंटसाठी सहा फुटांपुढची माणसं युरोपभरातून शोधून आणायला मात्र पाण्यासारखा पैसा, पोराने गादीवर आल्या आल्या ती रेजिमेंट मोडली.

खरी गंमत कँटन पद्धतीत आहे. 1733 पासून प्रत्येक रेजिमेंटला भरतीसाठी ठरलेला इलाखा, पायदळाला साधारण 5000 घरांचा. तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांची नावं आधीच नोंदवलेली, ट्रेनिंग झालं की वर्षातले बरेच महिने घरी, शेतीवर, ड्रिलसाठी दोन-तीन महिने परत यायचं. रजेवरच्यांचा पगार वाचायचा तो कॅप्टनच्या हातात, त्यातून तो परदेशी शिपाई भाड्याने घ्यायचा आणि उरलं ते खिशात, म्हणजे कंपनी हा त्याचा धंदाच होता म्हणा ना. सरदार, बरेच शहरी लोक, कुशल कारागीर यांना भरतीतून सूट, सगळा भार खेड्यावर.

फ्रेडरिक द ग्रेटने याच सैन्याच्या जोरावर 1740 च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतात मुसंडी मारली, गादीवर आल्यापासून वर्षाच्या आत. पण ही व्यवस्था पुढे तशीच गोठली, आणि 14 ऑक्टोबर 1806 ला येना नि आउअरश्टेटला नेपोलियनच्या फौजांनी एका दिवसात धुव्वा उडवला. मग शार्नहोर्स्ट हा प्रशियाचा सेनापती आणि मंडळींनी कॅप्टनचा धंदा मोडला, फटक्यांची शिक्षा बरीचशी काढली, शार्नहोर्स्ट वारल्यावर 1814 ला सगळ्यांनाच लष्करसेवा लागू झाली. निळा कोट मात्र शंभर वर्षं आणखी टिकला, लढाईसाठी करडा युनिफॉर्म 1910 च्या सुमारास आला.