उभ्या विमानातली वीज जाते तेव्हा

विमान गेटवरून निघायच्या सुमारास केबिनमधले दिवे क्षणभर मिटतात आणि पुन्हा लागतात. एअरबस ए३२० मध्ये हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. बाहेरची वीज, शेपटीतल्या एपीयूचं (विमान उभं असताना वीज देणाऱ्या छोट्या सहायक इंजिनाचं) जनित्र आणि दोन इंजिनांची जनित्रं यांतल्या कुठल्याही दोघांना एकाच बसवर (वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिनीवर) कधी जोडत नाहीत, कारण त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळलेल्या नसतात. आधी जुना संपर्क तुटतो, मग नवा जुळतो. तेवढ्या फटीत दिवे लुकलुकतात.

ते परत लागले नाहीत, तर मात्र प्रश्न वेगळा.

गेटवरची वीज जीपीयूतून (जमिनीवरच्या जनित्रगाडीतून) किंवा एरोब्रिजखालच्या केबलमधून येते: ११५ व्होल्ट, तीन फेज, ४०० हर्ट्झ. घरातल्या ५० हर्ट्झच्या मानाने हा आकडा मोठा, पण त्यामुळेच ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी हलक्या होतात. नाकाखालच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्लगला सहा पिना असतात. चार जाड पिनांपैकी तीन फेजसाठी, एक न्यूट्रलसाठी. उरलेल्या दोन बारीक पिना आखूड असतात आणि खरी हुशारी त्यांच्यात आहे. प्लग निसटू लागला की त्या आधी सुटतात, काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडतो आणि जाड पिना बाहेर येईपर्यंत त्यांच्यातून प्रवाह वाहत नसतो. नाहीतर ठिणगीने सॉकेट जळालं असतं. व्होल्टेज, वारंवारता किंवा फेजचा क्रम चुकला, तर विमान ती वीज घेतच नाही आणि पॅनेलवर हिरवं ‘अव्हेल’ लागत नाही. बटण दाबत बसण्यात मग अर्थ नसतो. आधी खाली जाऊन प्लग पूर्ण आत बसलाय का, केबलच्या वजनाने तो लोंबतोय का आणि सॉकेट सैल झालंय का, हे पाहायचं. सैल पिन तापते, आणि तापलेली पिन आणखी सैल होते.

बाहेरची वीज गेली आणि एपीयूही चालू नसेल, तर भार दोन बॅटऱ्यांवर येतो. प्रत्येकी २३ अँपिअर-तास, म्हणजे साध्या मोटारीच्या बॅटरीहूनही कमी. उड्डाणाआधी दोन्हींचं व्होल्टेज २५.५ च्या वर आहे ना, हे तपासतात. नसेल तर बाहेरच्या विजेवर सुमारे २० मिनिटं चार्ज करतात. नुसत्या बॅटरीवर एपीयू सुरू करायचा असेल, तर बॅटऱ्या चालू केल्यापासून अर्ध्या तासाच्या आत करावा. ३५ मिनिटांनंतर चार्ज पाव हिश्श्याच्याही खाली जाऊ शकतो, आणि एपीयूच्या स्टार्टरला लागणारा जोर मग मिळेलच असं नाही. तीन प्रयत्न फसले, तर स्टार्टर थंड व्हायला तासभर थांबायचं. जमिनीवर दिशादर्शक यंत्रणा बॅटरीवर चालू राहून गेली, तर विमानाच्या पुढच्या भागातून बाहेर भोंगा वाजतो. त्याकडे दुर्लक्ष केलं की पुढच्या पाळीला मृत बॅटरी मिळते.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, सगळी जनित्रं गेली, तर थांबणं हेच पहिलं काम. जमिनीवर, ५० नॉटच्या खालच्या वेगाला, केवळ बॅटरी उरली की ए३२० आपणहून एसी एसेन्शिअल बस (अत्यावश्यक उपकरणांची वीजवाहिनी) सोडून देतं आणि समोरचे सगळे पडदे काळे होतात. पुढच्या चाकाचं स्टिअरिंग आणि अँटी-स्किडही (ब्रेक लावताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) मिळत नाही. ब्रेक मात्र लागतात. हायड्रॉलिक दाब संपला, तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) असलेला दाब किमान सात वेळा ब्रेक दाबायला पुरेल इतका असतो. मग पार्किंग ब्रेक लावायचा, बॅटरीवर चालणाऱ्या पहिल्या व्हीएचएफ रेडिओवरून टॉवरला कळवायचं आणि टगची (विमान ओढणाऱ्या गाडीची) वाट पाहायची.

एकच जनित्र गेलं असेल, तर बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. त्याने जनित्र परत येऊ शकतं. जनित्राच्या ड्राइव्हचं (इंजिनाची गती जनित्राला देणाऱ्या यंत्रणेचं) तेल तापलं असेल तर ड्राइव्ह इंजिनापासून तोडावी लागते. ते बटण तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही आणि इंजिन फिरत असतानाच दाबायचं; नाहीतर यंत्रणेचं नुकसान होतं. एकदा तोडलेली ड्राइव्ह फक्त जमिनीवरच पुन्हा जोडता येते.

सर्किट ब्रेकरबद्दल मात्र हात आखडता बरा. उडालेला ब्रेकर तार तापल्याची खूण आहे. एअरबसचा नियम स्पष्ट आहे: जमिनीवर इंधनपंपांचे ब्रेकर वैमानिकाने परत बसवायचे नाहीत, आणि इतर ब्रेकरही देखभाल विभागाशी बोलून, कारण कळल्यावरच.

दोष कधी तारेत नसून आज्ञावलीत असतो. बोईंग ७८७ सलग २४८ दिवस वीज न तोडता ठेवलं, तर जनित्रांच्या नियंत्रकांतला मोजणारा आकडा भरून ओसंडतो आणि सगळी जनित्रं एकाच वेळी बंद पडू शकतात, असं २०१५ मध्ये उघड झालं. अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाने दिलेला तात्पुरता उपाय घरातल्या राउटरचाच: ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं.

धूर दिसला की ही सगळी तपासणी बाजूला पडते. ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनला प्रवासी उतरल्यावर जपान एअरलाइन्सच्या ७८७ मध्ये सफाई कर्मचाऱ्यांना मागच्या भागात धूर दिसला. त्याच सुमारास एपीयू आपोआप बंद पडला होता. एपीयूच्या लिथियम-आयन बॅटरीत, एका सेलच्या आतल्या शॉर्ट सर्किटमुळे, तापमान आवाक्याबाहेर गेलं होतं. अशा वेळी एपीयू आणि इंजिनं बंद करून माणसं बाहेर काढायची. ए३२० च्या यादीत बॅटऱ्या बंद करणं सर्वांत शेवटी येतं, कारण विमान रिकामं करण्याची सूचना आणि केबिनमधली उद्घोषणा त्यांच्यावरच चालते. बाहेर पडण्याच्या वाटेचे दिवे मात्र स्वतःच्या बॅटरीवर असतात, आणि नियमाप्रमाणे ते किमान १० मिनिटं तेवायला हवेत.