देवळाच्या तळ्याने राखलेलं कासव

आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. आसाममध्ये गुवाहाटीहून ब्रह्मपुत्रा ओलांडून गेलं की हाजो नावाचं गाव लागतं, तिथल्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात मात्र जिवंत कासवं आहेत आणि त्यातल्या एका जातीवर तर जगाने फुलीच मारली होती. काळं मऊ पाठीचं कासव, शास्त्रीय नाव निल्सोनिया निग्रिकान्स. २००२ साली आययूसीएनने, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याची यादी ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, ही जात निसर्गातून नामशेष झाली असं जाहीर केलं, कारण तेव्हा ती फक्त बांगलादेशात चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात उरलीय असंच धरून चालले होते. पुढे आसामातल्या देवळांच्या तळ्यांत तीच जात सापडली, नदीच्या खोऱ्यातही सापडली, आणि २०२१ मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली.

पायरीवर बसून ब्रेडचा तुकडा पुढे केला ना, की आधी कासव दिसतच नाही, पाण्याबाहेर येते ती स्ट्रॉसारखी बारीक सोंड, टोकाला दोन भोकं, मग मागून लांबच लांब मान. ही कासवं चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि नुसती सोंड वर काढून श्वास घेतात. पाठीवर नेहमीसारखे कडक खवले नसतात, चामड्यासारखी कातडी असते, आणि या कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातून पाण्यातला थोडा ऑक्सिजनही त्यांना मिळतो.

बाहेर नदीत आणि बिलात, म्हणजे नदीने वाट बदलल्यावर मागे राहिलेल्या पाण्यात, याच कासवाचं मांस खाल्लं गेलं, अंडी उकरून नेली. तळ्यात मात्र कुणी हात लावला नाही, कारण इथे तो विष्णूचा कूर्मावतार आणि तिकडे दर्ग्यात पीरबाबांच्या तळ्यातला जीव. या श्रद्धेचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण तळ्यात जीव वाचला तरी वंश वाढायला मादीला उकरता येईल अशी मऊ माती किंवा वाळू लागते, आणि आपण भक्तिभावाने घाट बांधतो तो सिमेंटचा! खायला ब्रेड-बिस्किटं, तीही रोज.

म्हणून आता हाजोला आणि बिश्वनाथ जिल्ह्यातल्या नागशंकर मंदिरात तळ्याची देखभाल करणारी माणसं आणि संस्थांचे कार्यकर्ते मिळून अंडी जपून उबवतात, पिल्लं थोडी मोठी करतात आणि मग बिलात सोडतात. बिलाचं पाणी उथळ, गाळाचं, गवताने भरलेलं, कासवाला हवं ते सगळं तिथे असतं. २०१९ च्या जानेवारीत पोबितोरा अभयारण्यातल्या हाडुक बिलात अशी पिल्लं सोडली होती. पण खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण बिलावर मासे धरणाऱ्याच्या जाळ्यात ते पिल्लू आलं तर त्याने ते परत पाण्यात टाकायला हवं, आणि तिथे पहारा ठेवायला कोणी पुजारी नसतो. गावकऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय हे जमणारच नाही.

याचंच भावंड आपल्याकडे गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यात आहे, लिथचं मऊ पाठीचं कासव, तेही अतिसंकटग्रस्त. ते अंडी घालतं नदीकाठच्या मातीत आणि वाळूत, आणि तीच वाळू आपण ट्रक भरभरून उपसतोय.