गाठीला सुई किती जाड?

गाठीची बायोप्सी सांगितली की पेशंटची पहिली विनंती ठरलेली: डॉक्टर, सुई बारीकातली बारीक घ्या. भीती समजण्यासारखी आहे. पण नको तिथे बारीक सुई वापरली, की आठवड्याभराने ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट हातात पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पॅथॉलॉजिस्टला नेमकं काय पाहायचं आहे, हे आधी ठरवावं. सुईची जाडी त्यावरून ठरते.

सुया मोजतात गेजमध्ये, आणि हा हिशोब उलटा आहे. आकडा मोठा तितकी सुई बारीक. २२ गेजची सुई साधारण ०.७ मिलिमीटर जाड, १८ची सव्वा, तर १४ची दोनाच्या थोडी वर. तार ओढण्याच्या जुन्या इंग्लिश कारखान्यांतून आलेली ही मोजणी वैद्यकाने तशीच ठेवली.

२२ ते २७ गेजच्या सुईने सुट्या पेशी मिळतात. काचपट्टीवर पसरून त्या तपासायच्या, हीच एफएनएसी. थायरॉइडच्या गाठीला ती बहुधा पुरते, उलट तिथे जाड सुई घातली तर रक्तच जास्त येतं आणि पेशी त्यात हरवतात. मानेतल्या गाठीत टीबीचा संशय असेल तरी बारीक सुईने भागतं, शिवाय त्याच नमुन्यावर टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी करता येते. मात्र लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची शंका आली की सुट्या पेशी पुरत नाहीत. पेशींची मूळ मांडणी पाहावी लागते आणि त्यासाठी अख्खा तुकडा हवा, कधी कधी तर पूर्ण गाठच काढावी लागते.

स्तनाच्या गाठीचंही तसंच. कर्करोग नलिकेच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय, हे एफएनएसी सांगू शकत नाही. म्हणून तिथे सहसा १४ गेजची कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने अख्खा तुकडा काढणारी बायोप्सी करतात. १८ गेजपेक्षा या सुईचा छेद अडीच पटींहून मोठा असतो. उपचार ठरवायला लागणाऱ्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-२च्या चाचण्याही त्याच तुकड्यावर होतात. जागा बधिर केलेली असल्यामुळे दुखतं कमी, दचकायला होतं ते सुई झटक्यात पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या ‘टक्क’ आवाजाने. चांगले डॉक्टर तो आवाज आधी हवेत ऐकवतात. बाहेर येतो तो शेवईच्या तुकड्यासारखा पांढुरका धागा. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिन द्रावाच्या बाटलीत तो बुडाला तर बरं, तरंगला तर बहुधा नुसती चरबी आलीय, म्हणजे आणखी एक तुकडा घ्यायचा.

यकृतात हिशोब बदलतो, कारण तिथली चिंता रक्तस्रावाची. बहुतेकदा १८ गेज निवडतात. अनेकदा १७ गेजची पोकळ सुई एकदाच गाठीपर्यंत नेऊन ठेवतात आणि तिच्या आतून १८ गेजची सुई घालून दोन-तीन तुकडे काढतात. यकृताच्या आवरणाला भोक एकच पडतं. त्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहतातच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न विचारता सांगावी, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नये.

राहता राहिला घरोघरचा प्रश्न: सुई लागली की कॅन्सर पसरतो का? सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळा. जिथे हा धोका खरोखर मोठा, तिथे डॉक्टरच सुई घालत नाहीत. वृषणातल्या संशयित गाठीची बायोप्सी अंडकोशाच्या त्वचेतून करत नाहीत. सिऱ्हॉसिस होऊन कडक झालेल्या यकृतातल्या गाठीचं निदानही पुष्कळदा सीटी किंवा एमआरआयवरच होतं, सुईशिवाय.