पार्श्वभूमी : पिलबराच्या लोहखाणी आणि 1938 ची निर्यातबंदी

भोसरी-चाकणच्या कारखानदारांत पोलादाच्या भावाचा विषय निघाला की बोलणं लोहखनिजावर येतं आणि तिथून पिलबरावर. आज जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या लोहखाणींतल्या कित्येक पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या पट्ट्यात आहेत. तरी इथलं खनिज 1966 मध्ये पहिल्यांदा जहाजात चढलं. वास्तविक हा मुलूख लोखंडाचा आहे, हे एका सरकारी भूवैज्ञानिकाने 1890 च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं. उशिराला दुर्गमता कारणीभूत होती, पण त्याहून जास्त एक सरकारी निर्णय.

1938 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने लोहखनिजाच्या निर्यातीवर सरसकट बंदी घातली. साठा मोजकाच आहे, तो घरच्या कारखान्यांसाठी राखला पाहिजे, हे जाहीर कारण. पिलबराची नीट पाहणी मात्र तेव्हा झालेलीच नव्हती. खरी धास्ती जपानची होती. वायव्य किनाऱ्यावर याम्पी साउंडमध्ये जपानी पैशावर खाण सुरू होऊ घातली होती, आणि जपान तर चीनवर चालून गेलेला. ही धास्ती रास्तच म्हणावी लागेल. साठ्याची सबब मात्र पटत नाही, कारण त्याच सरकारने पिग आयर्नची, म्हणजे लोहखनिज वितळवून काढलेल्या कच्च्या लोखंडाची, निर्यात चालू ठेवली. आपल्याकडच्या ओतकामाच्या कारखान्यांत भंगाराबरोबर भट्टीत जातात तेच हे ठोकळे. 1938 च्या अखेरीस पोर्ट केंब्लाच्या गोदी कामगारांनी जपानला जाणारा हा माल चढवायला नकार दिला. याचेच उद्या बॉम्ब होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने त्यांच्यावरच दबाव आणला आणि जानेवारी 1939 मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. त्या कामगारांना युद्धाचा अंदाज सरकारपेक्षा चांगला होता.

युद्ध संपलं तरी बंदी राहिली. निर्यात नाही म्हणून शोध नाही, आणि शोध नाही म्हणून कागदावर साठा मोजकाच. 1957 मध्ये पिलबरातल्या माउंट व्हेलबॅक या डोंगराचं खनिज सापडलं, पण शोधणारा गप्प राहिला. सांगूनही खाणपट्टा मिळणार नव्हता. त्या दशकात जपानी भट्ट्यांना गोव्यातून खनिज जात होतं, आणि डिचोलीकडच्या खाणी त्यावर फोफावल्या.

डिसेंबर 1960 मध्ये बंदी शिथिल झाली आणि काही वर्षांतच अब्जावधी टनांचे साठे उजेडात आले. साठ टक्क्यांहून जास्त लोह असलेला डोंगर सुरुंगाने फोडायचा, शॉवेलने डंपरमध्ये भरायचा, भरडून-चाळून मालगाडीत टाकायचा. व्हेलबॅकचा खड्डा आज पाच किलोमीटरहून लांब आहे.

या हिशेबात मूळ रहिवाशांना कुणी धरलंच नाही. मे 2020 मध्ये खाणीच्या विस्तारासाठी पिलबरातल्याच जुकान घळीतले शैलाश्रय, म्हणजे कड्यातल्या गुहेसारख्या निवाऱ्याच्या जागा, सुरुंगाने उडवण्यात आले. तिथे 46,000 वर्षांपासूनच्या मानवी वावराचे पुरावे होते. 1972 च्या वारसा कायद्याखालची परवानगी 2013 मध्येच मिळालेली होती. पुढच्या वर्षीच्या उत्खननात माणसाच्या केसांची, 4,000 वर्षं जुनी वेणी निघाली; तिचा डीएनए आजच्या रहिवाशांशी जुळला. पण दिलेल्या परवानगीचा फेरविचार करायची सोय त्या कायद्यात नव्हती. नवा कायदा जुलै 2023 मध्ये लागू झाला. ऑगस्टमध्येच तो मागे घेण्याची घोषणा झाली, आणि थोड्या दुरुस्त्यांसह 1972 चाच कायदा परत आला.