बँकेच्या काउंटरवर घेतलेला प्रत्येक कागद म्हणजे ठेव नव्हे

‘बँकेच्या शाखेतून घेतलं म्हणजे पैसे ठेवीइतकेच सुरक्षित’ हा समज जुना आहे आणि साहजिकही. शाखा ओळखीची, समोरचा कर्मचारी ओळखीचा. पण पोर्तुगालमधल्या एका जुन्या घराण्याचा बँकसमूह २०१४ साली कोसळला, तेव्हा सामान्य ग्राहकांच्या ठेवी नव्या बँकेत सुखरूप गेल्या. त्याच काउंटरवर त्या घराण्याच्या कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे घेतलेल्यांचे पैसे मात्र अडकले. कित्येकांची ती आयुष्यभराची पुंजी होती. ते पैसे बँकेकडे नव्हे, कर्जात बुडालेल्या कंपन्यांकडे गेले होते. तिथला १ लाख युरोपर्यंतचा ठेवविमाही फक्त ठेवींनाच.

म्हणून सही करण्याआधी ‘पैसे परत देणार कोण’ ते नाव कागदावर शोधा. तिथे दुसरीच कंपनी असेल, तर ती ठेव नाही, वर बँकेचा लोगो कितीही मोठा असो.