प्यायचा पंच आणि मारायचा पंच

हॉटेलच्या मेन्यूकार्डावर 'फ्रूट पंच' असतो, बॉक्सिंगच्या रिंगणातही पंच असतो. स्पेलिंग एक, उच्चार एक. म्हणून पुष्कळांना वाटतं की पेयाला हे नाव पडलं ते त्याच्या तडाख्यामुळे, घोट घेताच ठोसा बसल्यासारखं होतं म्हणून. तसं नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांची घराणी वेगळी. आणि त्यातल्या एकाची वाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेली आहे.

ठोशाचं कुळ सरळ आहे. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला तेव्हा 'पंच' म्हणजे मूठ नव्हतीच. टोकदार वस्तूनं टोचणं, ढोसणं एवढाच अर्थ होता. बैलाला पराणी टोचतात ना, अगदी तेच. अमेरिकेत गुराख्यांना 'काउपंचर' म्हणतात ते याच अर्थानं: ते काही गाईंना ठोसे मारत नव्हते, रेल्वेच्या डब्यात चढवताना त्यांना काठीनं ढोसत होते. मुठीचा मार हा अर्थ नंतर चिकटला. कागदाला भोक पाडणारं ऑफिसातलं पंचिंग मशीन याच घरातलं, आणि तिकीट यंत्रं येण्याआधी एसटीचा कंडक्टर जो चिमटा टकटक वाजवत तिकिटाला भोक पाडायचा तोही. रस्त्यावरच्या 'येथे पंक्चर काढून मिळेल' या पाटीवरचा 'पंक्चर' आणि गणितातला 'पॉइंट' हे त्याचे सख्खे नातलग. टोचणं हा धागा सगळ्यांत दिसतो.

पेयाची गोष्ट मात्र गुंत्याची आहे, आणि मला तीच जास्त आवडते.

इंग्रजीत या पेयाचा पहिला लेखी उल्लेख 1632 सालच्या एका पत्रात सापडतो, आणि ते पत्र हिंदुस्थानात आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाचं आहे. 1638 मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला कंपनीच्या वखारीत राहिला होता. तो लिहितो की बायकांना इंग्लंडात ठेवून आलेले व्यापारी शुक्रवारी प्रार्थनेनंतर जमत, बायकांच्या नावानं पेले उचलत, आणि कुणी कुणी 'पालेपुंत्झ' पीत. हे म्हणजे 'बोल ऑफ पंच', वाडगाभर पंच. त्यात काय असे? दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर.

मग येतो डॉक्टर जॉन फ्रायर. आपल्या इतिहासाच्या वाचकांना तो परका नाही. शिवकाळात तो मुंबईत होता, जुन्नरलाही जाऊन आला होता. 1698 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या अरकेचं, म्हणजे तिथं गाळलेल्या दारूचं, 'नेपा द गोवा'चं कौतुक आहे. या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून एक गलितगात्र करणारं पेय बनवतात, त्याला 'पाँच' म्हणतात, हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, आणि त्यात जिन्नस पाच असतात, असं तो सांगतो. पंच म्हणजे पाच, ही जगभर सांगितली जाणारी व्युत्पत्ती मुख्यतः त्याच्याच आधारावर उभी आहे.

आपल्याला ती लगेच पटते, कारण पंचामृत आपल्या तोंडात आहे. पण भाषेच्या अभ्यासकांनी घेतलेल्या हरकती वजनदार आहेत. मांडेल्सलोच्या यादीतले जिन्नस मोजा: चार. फ्रेंच प्रवासी बर्निए बंगालमधल्या 'बुलपाँज'बद्दल लिहितो, त्यातही अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेलं जायफळ, म्हणजे चारच. दुसरी हरकत उच्चाराची. सतराव्या शतकात हा शब्द 'पुंच'च्या जवळ बोलला जात असावा; जर्मन माणूस आजही 'पुन्श' म्हणतो. 'पाँच'चा 'पुंच' कसा झाला, याचं उत्तर सोपं नाही. म्हणून काहींचं मत असं की खलाशांनी 'पंचन' या मोठ्या पिंपाचं नाव तोडून पेयाला दिलं.

माझा कल फ्रायरकडे आहे. परदेशी कान स्वर कसेही ऐकतो, आणि एकदा नाव रूढ झालं की जिन्नस कमीजास्त झाले तरी ते बदलत नाही. पण 'बहुधा' हा शब्द सोडू नये. आणि हा मराठी शब्द आहे असं छातीठोक सांगत फिरूही नये; फ्रायरनं हिंदुस्थानी म्हटलंय, आणि वखारीच्या बाजारात किती भाषा एकमेकींत मिसळलेल्या असत हे उघड आहे. वादापलीकडचं एवढंच की अरक, लिंबू आणि साखर इथल्या बाजारात हाताशी होती आणि या पेयाची चटक इंग्रजांना इकडे लागली.

तिसराही एक पंच आहे, नाकाड्या, काठी घेऊन धुमाकूळ घालणारा कळसूत्री बाहुला. तो इटलीतल्या नेपल्सच्या 'पुल्चिनेला' या विनोदी नाट्यपात्राचा इंग्रजी अवतार. लंडनच्या 1841 च्या विनोदी साप्ताहिकाला त्याचंच नाव होतं, आणि त्याच्या धर्तीवर 1854 मध्ये मुंबईत 'पारसी पंच' निघालं, ते पुढे 'हिंदी पंच' झालं. या बाहुल्याचा पेयाशीही संबंध नाही आणि ठोशाशीही नाही, काठी कितीही चालवत असला तरी.

मराठीत लिहिताना घोळ आणखी वाढतो, कारण निवाडा करणारा आपला 'पंच' देवनागरीत हुबेहूब तसाच दिसतो. बॉक्सिंगच्या बातमीत 'पंचांनी पंच मोजले' असं वाक्य येऊ शकतं. त्यातला पहिला गावच्या पंचायतीतला, पाच जणांतला. फ्रायर बरोबर असेल तर तो बुफेतल्या फ्रूट पंचचा भाऊबंद ठरतो. दुसऱ्याचं नातं पंक्चरशी.